शास्त्रात असली माणसं!

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात जुने डबे साठतात तसे ते साठतात. टाकून द्यायचा धीर होत नाही, आणि एक दिवस माळ्याचं दार उघडावं तर सगळे एकदम डोक्यावर! परवा माझ्या भाचीनं सहज विचारलं, "मावशी, तुम्ही त्या बुधवारच्या बैठकीत बसून करायचात तरी काय?"

मी म्हटलं, "बाई गं, धक्के खायचो!"

खोटं नाही सांगत. शाळेत शिकवत होते, वय तिशीचं, स्वतःला फार शहाणी समजत होते. पण त्या चार वर्षांत शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, ऐकताना मला जेवढे शॉक बसले, तेवढे आयुष्यात पुन्हा कशानं बसले नाहीत.

सोलापूर, दुष्काळाचं साल. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, आणि पाण्याच्या टँकरमागं अख्खी गल्ली धावायची. त्याच सुमाराला आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आले, नगरकडचे. बारीक आवाज, बारीक अंग. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "शास्त्र पूर्ण वाचलेले इथं किती जण आहेत?"

सगळे हात वर!

"सलग? एकही पान न गाळता?"

सगळे हात खाली.

मग बैठक सुरू झाली. दर बुधवारी संध्याकाळी सहाला, चर्चच्या मागच्या खोलीत. पहिल्या अध्यायापासून पाळीपाळीनं वाचायचं. ज्याच्या वाट्याला जो अध्याय येईल तो त्यानंच वाचायचा, बदलून मिळणार नाही. आणि वाचून झालं की उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: "ह्यात मी कोण?" वाचलेल्या गोष्टीतलं कोणतं माणूस आपल्यासारखं आहे ते सांगायचं, बस.

सोपं वाटलं आम्हाला. आमचं शास्त्र म्हणजे संडे स्कूलच्या भिंतीवरची चित्रं! नोहाच्या तारवातून मान बाहेर काढलेला जिराफ, दावीदाची गोफण. चित्राच्या पुढच्या पानावर काय आहे ते बघायला कोण गेलंय?

पहिल्या बाकावर साळवेदादा असायचे. आमच्या चर्चचा कारभार बघणारे मुख्य पंच, मिलमधले रिटायर्ड जॉबर. जॉबर म्हणजे मागांवरच्या कामगारांचा मुकादम. सगळे माग चालू असताना त्यांची हाक खात्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची म्हणे, आणि आमच्यात ते त्याच आवाजात प्रार्थना करायचे.

आणि अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ, सलोमी.

तिच्याबद्दल आधीच सांगून टाकते. सलोमी एका दवाखान्यात आया होती. नवरा मारायचा. एक दिवस ती घर सोडून मल्लय्या नावाच्या एका तेलुगू विणकराकडे राहायला गेली, लग्नाशिवाय. पंचांनी तिला प्रभुभोजनातून बाहेर काढलं. म्हणजे चर्चमध्ये यायचं, गायचं, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूच्या आठवणीत वाटून खायच्या भाकरीचं तबक आलं की ते तिच्यासमोरून पुढं जायचं. बारा वर्षं! तबक जवळ आलं की ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची. नवरा वारला, मग मल्लय्याही छातीच्या दुखण्यानं गेला, तरी बंदी तशीच. मंडळीपुढं उभं राहून कबुली दिल्याशिवाय ती उठणार नव्हती. आणि सलोमी म्हणायची, "घर सोडलं ही चूक म्हना, लिवून घ्या. पर मल्लय्यासंगं ऱ्हायले त्ये पाप हुतं असं माज्या तोंडातनं निघायचं न्हाय. त्या मानसानं माज्यावर कदी हात उगारला न्हाय."

साळवेदादा म्हणायचे, "मग बस बाहेर!"

ती बसायची. एकही रविवार, एकही बुधवार न चुकता.

*

पहिला धक्का नोहानं दिला.

तारू, पूर, कबुतर, इंद्रधनुष्य, सगळं छान पार पडलं. पुढचा अध्याय शांतवनमामांच्या वाट्याला आला. मामा आमची पेटी वाजवायचे. बोटांत जादू होती, आणि त्यांना प्यायची सवय होती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मामा वाचायला लागले. पूर ओसरला, नोहानं द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला, आणि आपल्या तंबूत नागडा होऊन पडला!

बाकांवरच्या माना एकदम वर झाल्या.

"थांब रं शांतवन," मार्थाआजी ओरडल्या. आजींना अक्षर येत नव्हतं, पण विश्वास डोंगराएवढा. "तुजं तू मदी घालून वाचू नगंस!"

"न्हाय आजी, हितं लिवलंय."

"असली मानसं शास्त्रात नसत्यात! छापखान्यातल्या कुनीतरी घुसडलंय त्ये!"

पाळकसाहेब उठले. कपाटातून जुनी, पिवळी पडलेली, शंभरएक वर्षांपूर्वीची प्रत काढली आणि तेच वाचून दाखवलं. तोच मळा, तोच तंबू, तोच नोहा.

आजींनी पिवळ्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे जुन्या छापखान्यातबी पिनारंच हुते!"

सगळे हसले, आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की मामांचं उत्तर अजून बाकी आहे. साळवेदादांनी तर हाताची घडीच घातली. शांतवनमामा उभे राहिले.

"तुमाला वाटतंय मी नोहा म्हनीन," ते म्हणाले. "पर नोहानं आदी तारू बांदलं हुतं की. मी नुसतंच मागचं काम केलंय."

*

दुसरा धक्का घरचाच होता.

मंडळीत सुधाकर आणि रत्नाकर असे दोघे भाऊ होते. थोरल्या सुधाकरचं नव्या पेठेजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान, धाकटा रत्नाकर मिलमध्ये. दोघं एकाच बाकावर, एकाच पुस्तकात बघून वाचायचे. रत्नाकरच्या वाट्याला याकोबाचा अध्याय आला. आंधळा बाप थोरल्याला आशीर्वाद देणार असतो. धाकटा हाताला बकऱ्याचं कातडं बांधून, मीच थोरला म्हणून बापापुढं जातो आणि आशीर्वाद पळवतो.

आम्ही सगळे खवळलो. "बापाला फसवलं!" "भावाला लुबाडलं!" मार्थाआजी तर म्हणाल्या, "आता देव त्येच्या कानाखाली आवाज काडतो बगा!" देवानं तसलं काहीही केलं नाही. उलट पुढच्या अध्यायात त्याला जिना दाखवला, स्वर्गापर्यंतचा!

आता रत्नाकरनं उभं राहायचं होतं. तो राहिना. पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. शेवटी भिंतीकडं बघत म्हणाला, "मी याकोब. मिलमदी माजं नाव रत्नाकर न्हाय, सुधाकर हाय."

झालं असं होतं की वडील रिटायर झाले तेव्हा मिलनं थोरल्या मुलाला जागा देऊ केली होती. ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी सुधाकर घरी नव्हता. रत्नाकर गेला, आणि विचारल्यावर म्हणाला, मीच सुधाकर. घरी येऊन सांगितलं, दादाला नाही म्हणाले, मला घेतलं! सात वर्षं तो दादाच्या नावानं माग चालवत होता, आणि सात वर्षं दादा पंक्चर काढत होता.

मी डोळे मिटून घेतले. आता मारामारी होणार!

सुधाकर शांतपणे म्हणाला, "मला म्हाईत हाय रं."

"काय?"

"मला त्या मागांच्या आवाजाची लई भीती वाटायची. बापाला सांगायची लाज. म्हनून त्या दिवशी मी मुद्दाम घराबाहेर गेलो हुतो. तू जाशील ह्ये ठावं हुतं मला."

पाळकसाहेबांनी विचारलं, "मग सुधाकर, तुम्ही कोण? एसाव?"

"न्हाय साहेब," सुधाकर म्हणाला. "एसाव फसला हुता. मी ठरवून फसून घेतलं!"

*

तिसरा किस्सा माझा आहे. तो गाळला असता, पण गाळण्याबद्दलच असल्यानं सांगावा लागतो.

माझी पाळी आली त्या दिवशी मी कडक इस्त्रीचं पातळ नेसून गेले होते. टीचर वाचणार म्हणजे कसं शुद्ध, खणखणीत! चार ओळी वाचल्या आणि नजर पुढं गेली. यहूदाची विधवा सून तामार. सासऱ्यानं धाकट्या मुलाशी लग्न लावायचं वचन देऊन ते पाळलेलं नाही. म्हणून ती तोंडावर बुरखा घेऊन रस्त्याकडेला बसते, आणि सासरा तिला वेश्या समजून...

माझे नाक-कान लाल झाले. समोर साळवेदादा, बाजूला माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील! मी पान उलटताना दोन पानं एकदम उलटली आणि योसेफावर जाऊन पोचले. कुणाला कळलं नाही. सुटले, असं वाटलं.

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पान चिकटलं वाटतं."

सलोमी! तिला वाचता यायचं ते बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत. त्यामुळं ती कधीही काही गाळू शकत नव्हती. मला मागं जावं लागलं. माझा खणखणीत आवाज हळूहळू इतका खाली गेला की आजी दोनदा "मोठ्यानं!" म्हणाल्या. सुनेला दिवस जातात, सासरा तिला जाळायला काढतो, आणि मग ती त्यानंच तिच्याकडं तारण ठेवलेली काठी त्याच्यापुढं ठेवते. यहूदा म्हणतो, माझ्यापेक्षा हीच बरी.

पाळकसाहेबांनी हळूच सांगितलं की प्रभूच्या वंशावळीत ह्या बाईचं नाव आहे. आम्हाला हा आणखी एक शॉक! ती वंशावळ आम्ही दर नाताळात ऐकत होतो, पण ऐकत होतो कुठं?

"मग तिला मंडळीपुढं कबुली द्याया लावली का न्हाय?" सलोमीनं विचारलं. टोमणा नव्हता हो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"विषय सोडून बोलू नये!" साळवेदादा गरजले.

माझं उत्तर बाकी होतं. ह्यात मी कोण? खूप मोठं काहीतरी बोलायचं मी घरून ठरवून आले होते. ते सगळं विसरले. म्हटलं, "मी पान चिकटवणारी," आणि खाली बसले. त्यानंतर कित्येक दिवस मला सलोमीकडं सरळ बघवत नव्हतं.

*

मध्ये एकदा मुंबईहून मोठे पाहुणे आले. मोठे रेव्हरंड, सोनेरी काड्यांचा चष्मा, मागं दोन माणसं. पाळी शांतवनमामांची होती, पण साळवेदादा म्हणाले, "पाहुण्यांना मान!" आणि पुस्तक उघडून खूण घातलेलं पान त्यांच्यापुढं ठेवलं. काय आहे ते न बघता!

निघाली बलामाची गाढवी.

बलाम संदेष्टा गाढवीवर बसून चाललेला. वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा. गाढवीला दिसतो, संदेष्ट्याला दिसत नाही. ती बिचारी वाट सोडते, भिंतीला घासते, खाली बसते. हा तिला तीन वेळा झोडपतो. शेवटी देव गाढवीचं तोंड उघडतो आणि गाढवी बोलते!

रेव्हरंडांनी फार सुंदर वाचलं. मग अर्धा तास त्यावर त्याहून सुंदर बोलले. हिब्रू, ग्रीक, सगळं. साळवेदादा मान डोलावत होते. संपलं, आणि मार्थाआजींनी हात वर केला.

"साहेब, लई चांगलं बोललात. आता सांगा, ह्यात तुमी कोन?"

साळवेदादांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा! आजींचा दोष नव्हता. नियम म्हणजे नियम, तो पाहुण्यांना लागू नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाळकसाहेब घाईघाईनं समजावायला उठले, पण रेव्हरंडांनी हातानं थांबवलं. चष्मा काढला, सावकाश पुसला.

"आजी," ते म्हणाले, "मुंबईहून निघालो तेव्हा मी संदेष्टा होतो."

*

मग आली राहाब, आणि पाळी कुणाची? सलोमीची!

राहाब यरीहोतली वेश्या. साळवेदादा ताडकन उठले. "बाहेर काढलेल्या माणसानं शास्त्र वाचायचं नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "दादा, बंदी भाकरीवर आहे, अक्षरांवर नाही."

सलोमीनं वाचलं. तासभर लागला असेल. एकेका शब्दाला बोट अडायचं. राहाबेनं देवाच्या लोकांच्या हेरांना घराच्या धाब्यावर लपवलं, शिपायांना खोटं सांगून दुसऱ्याच वाटेला लावलं, आणि देवानं तिचं सगळं घर वाचवलं. घामाघूम झाली होती ती. आम्ही कुणी हललो नाही.

"खोटं बोलली तरी वाचवलं?" मार्थाआजी थक्क. आजी एव्हाना छापखान्याला दोष देत नव्हत्या, पण धक्का बसायचा तो बसतच होता.

साळवेदादा म्हणाले, "तिनं त्याआधी तो धंदा सोडला असणार. पश्चात्ताप केला असणार. चारचौघांत कबुली दिली असणार. त्याशिवाय देव घेत नाही."

"कुठं लिवलंय, दादा?" सलोमीनं विचारलं. "दावा मला. मी बोट ठिवून वाचीन."

दादांनी पुस्तक ओढून घेतलं. अध्याय पालथा घातला. पुढचे चार पालथे घातले. "घरी बघून सांगतो," म्हणाले. अख्खा आठवडा हा माणूस शास्त्र घेऊन बसला होता, असं त्यांच्या बायकोनंच मला नळावर सांगितलं. जेवायला हाक मारली तरी उठत नव्हते म्हणे.

पुढच्या बुधवारी प्रार्थना सुरू व्हायच्या आधी दादा उभे राहिले. त्यांचा आवाज मी प्रथमच इतका हळू ऐकला.

"सापडलं नाही," एवढंच म्हणाले आणि बसले.

*

खोलीच्या खिडकीला लागून आप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पक्के शिवभक्त. बुधवारी सहाला ते दुकानात गिऱ्हाईक घेईनासे झाले, कारण कान आमच्या खिडकीला! एखादा बुधवार चुकला तर दुसऱ्या दिवशी मला रस्त्यात अडवायचे. "बाई, त्या पोराला भावांनी हिरीत टाकलं, फुडं काय झालं?"

शमशोनाचे अध्याय चालू होते. देवानं निवडलेला, जन्मापासून वाहिलेला, अंगात सिंह फाडायची ताकद. आणि एकेका बाईच्या नादी लागून त्यानं काय काय करून घेतलं ते ऐकवत नव्हतं. ती दलीला तीनदा त्याला धरून द्यायला बघते, तीनदा उघडी पडते, आणि हा चौथ्यांदा तिच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपतो!

खिडकीतून आप्पांचं डोकं आत आलं. "अय्यो शिवा! पाळकसाहेब, एक इचारू? ह्येला तुमच्या देवानं निवडलं?"

"हो, आप्पा."

"आन त्या भावाला फशिवनाऱ्याला?"

"त्यालाही."

"आन त्या पिऊन पडल्याला म्हाताऱ्याला?"

"हो."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "असल्यांतला येकबी मी दुकानात पुड्या बांदायला ठिवनार न्हाय बगा!"

*

आता शेवटचा. हा मी फार कमी वेळा सांगितला आहे.

चार वर्षं होत आली होती. शास्त्रात काही सापडलं नव्हतं तरी साळवेदादांनी पंचांच्या सभेत नवा ठराव आणला होता. कबुली नाही तर मंडळीच्या यादीतून सलोमीचं नावच काढायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मतं घ्यायची होती. नाव गेलं म्हणजे मेल्यावर आमच्या दफनभूमीत मूठभर जागासुद्धा मिळायची नाही. सलोमी साठीला आली होती, दवाखान्याचं काम सुटलं होतं, मागं-पुढं कुणी नव्हतं. ती मला म्हणाली, "बाई, जित्तेपनी बाहेर बसायला मी शिकले. मेल्यावर कुटं जाऊ?" 

त्याच रविवारच्या आधीचा बुधवार. पाळी साळवेदादांची, आणि अध्याय दावीदाचा. राजा गच्चीवरून दुसऱ्याची बायको बघतो, बोलावून घेतो, आणि लपवण्यासाठी तिच्या नवऱ्याला लढाईत पुढं उभं करून मारवतो. मग नाथान संदेष्टा येतो, गरिबाची मेंढी लुबाडणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, आणि राजाकडं बोट दाखवतो, की तो माणूस तूच.

दादांनी दोन्ही अध्याय वाचले. नेहमीच्या आवाजात, न अडखळता. मी मनात म्हटलं, आता हे उभे राहणार, "मी नाथान" म्हणणार आणि सलोमीकडं बोट दाखवणार. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार, कारण सलोमीनं आधीच मान खाली घातली होती.

दादा उभे राहिले. पुस्तक मिटलं.

"ह्यात मी न्हाय," ते म्हणाले.

पाळकसाहेब म्हणाले, "दादा, कुणीतरी असालच."

"न्हाय साहेब. मी केलं त्ये ह्या दोन अध्यायांत कुनीच केल्यालं न्हाय." इतक्या वर्षांत दादा आमच्यासमोर कधी घरच्या बोलीत बोलले नव्हते. "ही सलोमी. हिचा नवरा माज्याच खात्यात हुता, मागावर. त्यो हिला मारतोय ह्ये मला म्हाईत हुतं. एक दिवस भर दुपारी ही माज्या दारात आली. कपाळ फुटल्यालं. म्हनली, दादा, तुमच्या घरात घ्या, आजच्या दिवस. त्या रविवारी माजी पंच म्हनून निवड व्हायची हुती. कुनाच्या नवरा-बायकोचं भांडन दारात नगं म्हनून मी कडी लावली. बायकोनं आतनं इचारलं, कोन हाय? मी म्हनलं, कुनी न्हाय."

दादा सलोमीकडं न बघता पुढं बोलत राहिले.

"ही बाहीर लई येळ हुबी हुती. मला फटीतनं दिसत हुती. मग गेली. त्या विणकराचं दार उगडं हुतं, तितं गेली. आन पंच झाल्यावर मी पयलं काम काय केलं, तर हिला बाहेर काडलं."

खरं सांगते, दादांनी काय केलं ह्याचा धक्का नंतर बसला. आधी बसला तो दुसराच. सोळा वर्षं! बंदीची आधीची बारा आणि ही चार. सोळा वर्षं सलोमी त्या बाकावर बसली होती, आणि तिनं हे एका माणसाला, एका शब्दानं सांगितलं नव्हतं!

पाळकसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. "सलोमीबाई, खरं आहे हे?"

ती म्हणाली, "त्येंच्या घरी ल्हान पोरं हुती, साहेब. भ्याले आसतील."

दादा पुस्तक तिथंच ठेवून निघून गेले.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. बातमी कुठं लपते? प्रभुभोजनाचं तबक नेहमी साळवेदादा फिरवायचे. त्या दिवशी पहिल्या बाकावरची त्यांची जागा रिकामी होती. मला वाटलं, आलेच नाहीत. मागं वळून बघितलं तर दादा शेवटच्या बाकावर, दाराजवळ, सलोमीच्या शेजारी बसलेले! अंगात तोच पंचांचा काळा कोट.

पाळकसाहेबांनी स्वतः तबक उचललं. एकेक बाक करत मागं आले. शांतवनमामांची पेटी हळूहळू चालू होती. तबक दादांपुढं आलं.

दादांनी मान हलवली. "मला न्हाय, साहेब. मी बाहेरचा."

पाळकसाहेब तबक धरून तसेच उभे. पुढंही जाईनात, मागंही येईनात. मामांची पेटी थांबली. अख्खं चर्च मान वळवून बघत होतं, आणि ज्या ठरावावर थोड्या वेळानं मतं घ्यायची होती, त्या ठरावाचा कागद दादांच्याच खिशातून डोकावत होता.

सलोमीनं पदराखालून हात बाहेर काढला. तबकातला भाकरीचा एक तुकडा उचलला.

कुणी "थांब" म्हटलं नाही. मला वाटलं, आता ती तोंडात घालणार. एवढ्या वर्षांची भूक होती ती! पण तिनं तो एवढासा तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोडला. त्याचे दोन करायला तिला वेळ लागला. एक अर्धा स्वतःच्या तळहातावर ठेवला आणि दुसरा दादांपुढं धरला.

दादा हात पुढं करेनात. खाली बघत होते.

"धरा की, दादा," सलोमी म्हणाली. "एकटीनं कसं खाऊ?"